आधी रजिस्टरात नाव लिहा

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या टीमच्या बोर्डावर एक तिकीट येऊन पडलं. साइन-अप करणारा युजर १८ वर्षांच्या आतला आहे का ते तपासायचं, आणि असेल तर आई-वडिलांची संमती घ्यायची. एस्टिमेट: तीन दिवस. ज्याने कोणी हे एस्टिमेट टाकलंय त्याला माझा साष्टांग नमस्कार :-) हा प्रश्न महाराष्ट्रात पंचवीस वर्षं झाली तरी सुटलेला नाही.

तिकिटामागे कायदा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण 'मूल'. त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती पाहिजे, त्याच्या वागण्याचा माग ठेवायचा नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. चुकलात तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये याचे नियम प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले गेले. तेव्हापासून सगळीकडे 'एज व्हेरिफिकेशन' या शब्दाची चलती आहे. जणू काही हे ऑस्ट्रेलियाहून आलेलं नवीन खूळ आहे.

मी वर्ध्याला चिकटून असलेल्या नालवाडीचा. आमच्या पिढीने हे एज व्हेरिफिकेशन रेक्झिनच्या कव्हराच्या रजिस्टरात, सुतळीने बांधलेल्या पेनाने केलेलं आहे. त्याची गोष्ट सांगतो. पण त्याआधी मुळात 'वय' या गोष्टीबद्दल थोडं.

आपल्याकडे १ जूनला किती लोकांचे वाढदिवस येतात हे कधी पाहिलंय का? माझ्या आजोबांचा १ जून, त्यांच्या धाकट्या भावाचा १ जून, ऑफिसातल्या दोन सिनियर मंडळींच्या वडिलांचा १ जून. आख्खा महाराष्ट्र एकाच दिवशी जन्मला की काय असं वाटावं. कारण साधं आहे. घरी तारीख कोणी लिहून ठेवलेली नसायची. "हा मोठ्या पुराच्या साली झाला", "पोळ्याच्या आदल्या दिवशी" असला हिशोब. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, वर्षाचा अंदाज बांधायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून १ जून ठोकून द्यायचे. पुढे तीच तारीख दाखल्यावर, तीच पॅन कार्डावर, तीच आधारवर. नोकरीतून रिटायर व्हायची तारीखही तीच. म्हणजे आज जिला आपण 'व्हेरिफाइड डेट ऑफ बर्थ' म्हणतो ती एका पिढीपुरती तरी मास्तरांची कल्पनाशक्ती आहे! जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठी एकच कायदा १९६९ मध्ये आला, आणि जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा हा नियम तर फक्त १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी आहे.

कायद्याने वयाची रेघ मारली की 'ती ओलांडली की नाही हे कोण बघणार' हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि तो इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. मुलींचं संमतिवय दहावरून बारावर नेणारा तो कायदा, मलबारींची मोहीम, टिळकांचा विरोध, आगरकरांचा पाठिंबा वगैरे. त्यात विरोधकांचा एक मुद्दा असा होता की वय तपासायचं म्हणून पोलीस आणि डॉक्टर घरात शिरतील. माझ्या मते त्या वादात आगरकरांची बाजू बरोबर होती, कारण प्रश्न लहान मुलींच्या जिवाचा होता. पण विरोधकांनी काढलेली ती शंका अगदीच पोकळ नव्हती. वय तपासायचं तर कोणीतरी उंबरठा ओलांडून आत यावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

असो. आता मूळ गोष्ट.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमच्या मार्फत. घरी कॉम्प्युटर, मोडेम आणि फोनचं बिल परवडणारे लोक थोडे, म्हणून गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. प्लायवूडचे खोपे, पडदे, आणि खोप्यात एक जाडजूड मॉनिटर. शाळकरी पोरं तिथे दुपारभर काय बघतात याची काळजी आई-बापांना लागणं साहजिकच होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० मध्ये लागू झाला होता. त्यात अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला शिक्षा होती, पण तो मजकूर मुलांच्या डोळ्यांसमोर येऊ नये यासाठी काही नव्हतं. २००१ मध्ये दोघा नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाला याबद्दल पत्र लिहिलं. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि २८ सप्टेंबर २००१ ला एक समिती नेमली. काम एकच: इंटरनेटवरच्या अश्लील गोष्टींपासून अल्पवयीन मुलांना कसं वाचवायचं ते सुचवा. समितीने जानेवारी २००२ च्या अखेरीस अहवाल दिला.

त्यातल्या शिफारशी आज वाचल्या तर ओळखीच्या वाटतात. कॅफेत येणाऱ्याकडे फोटो असलेलं ओळखपत्र मागा. लहान मुलांना आडोशाच्या खोप्यात नाही, तर उघड्यावरच्या मशीनवर बसवा. कॅफेंना परवाना लावा, नोंदी ठेवायला लावा. हेतू चांगला होता, उपायही त्या काळाच्या मानाने समंजस होते. पण एक गोष्ट नीट बघा. प्रश्न होता मुलांचा. उत्तरात ओळखपत्र सगळ्यांना लागलं.

यात कोणाचा कट वगैरे नाही, हे सरळ लॉजिक आहे. दारात उभ्या असलेल्या दहा माणसांतलं मूल कोणतं हे ठरवायचं तर दहाही जणांना विचारावं लागतं. 'फक्त मुलांना विचारा' असा क्वेरीचा फिल्टर लावता येत नाही, कारण तो कॉलम भरण्यासाठीच तर आपण विचारतोय!

पुढे २००४ च्या सुमारास महाराष्ट्रात सायबर कॅफे पोलीस परवान्याखाली आले. कोणत्या कायद्याने? तर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा), सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी जे नियम होते त्यांत. हे तेच १९६० चे नियम, ज्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. म्हणजे सरकारच्या लेखी ईमेल तपासणारा माणूस आणि फडावर शिट्टी मारणारा माणूस एकाच रांगेत :-) मला हे गमतीशीर वाटतं तसंच थोडं बरोबरही वाटतं. सरकारला दोन्हीकडे एकच काळजी होती: अंधाऱ्या जागी अनोळखी लोक जमून काय करतात.

मग आलं २००८. २६ जुलैला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले आणि त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जो ईमेल गेला, त्याचा माग निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्यात. तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाचं वाय-फाय उघडं होतं, ते कोणीतरी वापरलं होतं. ऑगस्टमध्ये पुन्हा असाच ईमेल आला, या वेळी माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वाय-फायवरून. त्यानंतर कॅफेवरची पोलिसांची नजर एकदम करडी झाली. आता गंमत बघा. हे ईमेल कॅफेतून गेलेच नव्हते. कॅफेत नाव लिहावं लागतं हे पाठवणाऱ्यालाही माहीत असणार, म्हणून तो दुसऱ्याच्या खिडकीखाली लॅपटॉप घेऊन बसला. आणि त्याच्यामुळे रजिस्टर मात्र आणखी जाड झालं, ते भरणारे कोण, तर रिझल्ट बघायला आलेली पोरं आणि बायोडेटा प्रिंट करायला आलेले लोक. 'मुलांना वाचवा' म्हणून सुरू झालेली वही 'दहशतवादी पकडा' ची वही झाली, आणि हा बदल कोणी वेगळा जाहीरही केला नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे ११ एप्रिल २०११ चे सायबर कॅफेसाठीचे केंद्राचे नियम. मी ते परवा पुन्हा बसून वाचले. ओळख पटल्याशिवाय कोणालाही मशीन द्यायचं नाही. ओळखपत्राची झेरॉक्स किंवा स्कॅन, त्यावर सही, किमान एक वर्ष जपून ठेवायची. वेबकॅमवर फोटो काढला तरी चालेल. रजिस्टरात नाव, पत्ता, लिंग, फोन नंबर, ओळखपत्राचा तपशील, मशीनचा नंबर, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. कोणत्या साइट्स उघडल्या त्याची हिस्टरी वर्षभर. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल. खोप्याची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको (हा आकडा कुठून आला असेल याचा मी बराच विचार केला. बहुतेक उभ्या असलेल्या हवालदाराच्या डोळ्यांची उंची लक्षात घेतली असावी). अल्पवयीन मुलाकडे फोटोचं ओळखपत्र नसेल तर सोबत ओळखपत्रवाला मोठा माणूस पाहिजे, आणि पालक सोबत नसतील तर मुलाने खोप्यात बसायचं नाही.

एवढ्या मोठ्या नियमावलीत मुलांबद्दलची वाक्यं जेमतेम दोन. बाकी सगळं सगळ्यांबद्दल.

तेव्हा मी आठवी-नववीत होतो. नालवाडीहून सायकल मारत वर्ध्याच्या कॅफेत जायचो. ताशी पंधरा रुपये, अर्ध्या तासाला दहा. काऊंटरवरचा दादा स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणायचा, "रजिस्टरात नाव लिही बे आधी." नाव लिहायचं, शाळेचं ओळखपत्र दाखवायचं, आणि मग चार नंबर मिळायचा. चार नंबर म्हणजे दारासमोरचं मशीन, रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यालाही स्क्रीन दिसेल असं. आतले खोपे कॉलेजच्या पोरांना. नियम पाळले जायचे, असं म्हणायला हरकत नाही. पण दादा माझं ओळखपत्र कधी उघडून बघायचा नाही. बघायची गरजच नव्हती. तो मला आणि माझ्या बाबांना ओळखत होता, आणि मी चार नंबरवर काय उघडतो हे त्याला खुर्चीतून दिसत होतं. खरं एज व्हेरिफिकेशन ते होतं. रजिस्टर नुसतं पोलिसांच्या नावाने भरलं जायचं.

त्या रजिस्टराला आणखी एक बाजू होती, ती मला तेव्हा कळली नाही, पण माझ्या मोठ्या बहिणीला कळली होती. ती एकदाच कॅफेत आली, ॲडमिशनचा फॉर्म भरायला, आणि पुन्हा म्हणून गेली नाही. वहीत तुमच्या वरच्या वीस ओळी तुम्हाला दिसतात आणि तुमची ओळ तुमच्यानंतरच्या वीस जणांना. नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर. मुलींच्या नंबरांवर त्या काळी 'मिस्ड कॉल' यायचे ते कुठून यायचे, हे सांगायला कोणी डिटेक्टिव्ह लागत नाही. पुढे तिचे फॉर्म मीच भरून आणायचो. म्हणजे अल्पवयीनांच्या रक्षणासाठी केलेल्या वहीने एका सतरा वर्षांच्या मुलीला इंटरनेटपासून लांब ठेवलं, आणि तिच्या जागी तेरा वर्षांचा मुलगा पाठवला. नियमाच्या भाषेत सगळं काही नियमानुसारच झालं.

थोडं विषयांतर, पण वर्धेकराला टाळता येत नाही. आमचा जिल्हा गांधी-विनोबांचा, म्हणून दारूबंदीचा. विनोबा तर १९३२ पासून काही वर्षं नालवाडीतच राहत होते, मग पवनारला गेले. त्यामुळे दारूचा परवाना म्हणजे काय हे मला पुण्यात नोकरीला आल्यावर कळलं. राज्यात बाकी ठिकाणीही कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, आणि त्यासाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते. प्रत्यक्षात काय होतं ते वाचकांपैकी अनेकांना माहीत असेलच. तुम्हाला कोणी विचारत नाही, एक दिवसाच्या परवान्याची पावती दुकानदार परस्पर फाडतो आणि हिशोब जुळवतो. नोंद पूर्ण, तपासणी शून्य. अशा बाबतीत वही भरणं हेच काम होऊन बसतं.

कॅफेचा शेवट नियमांनी नाही केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दोन-तीन वर्षांत खोपे रिकामे झाले. चार नंबरचं मशीन आता प्रत्येक पोराच्या खिशात आहे, आणि त्याचा स्क्रीन रस्त्याच्या दिशेने नाही. काऊंटरवर दादाही नाही. मुलांच्या बाबतीत धोका खरोखर वाढलाय, हे मी मान्य करतो. माझा भाचा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला काय काय दिसतं ते बघून मला धडकी भरते. त्यामुळे 'सरकारने यात पडूच नये' म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण उत्तर पुन्हा तेच येतंय. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांच्या साइट्सना वय तपासणं सक्तीचं झालं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. नायजेरियाच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही मुलांचं वय आणि पालकांची संमती तपासायची तरतूद आहे, आणि त्यासाठी सरकारमान्य ओळखपत्र चालेल असंही लिहिलंय. म्हणजे लागोसच्या पोरापुढेही शेवटी तोच प्रश्न: कार्ड आहे का? आणि ही कार्डं जमा झाली की काय होतं तेही आपण पाहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने कळवलं की त्यांचं कस्टमर सपोर्टचं काम बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० युजर्सच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती गेले असण्याची शक्यता आहे. त्या लोकांनी ते कशासाठी दिले होते? वयाबद्दलच्या तक्रारी सोडवण्यासाठी. ज्यांनी प्रामाणिकपणे 'मी मोठा आहे' हे सिद्ध केलं, त्यांचीच कार्डं गेली. कॅफेच्या वहीत निदान वरच्या वीसच ओळी दिसायच्या.

आपल्या नियमांतला दहावा नियम मी त्यामुळे फार बारकाईने वाचला. त्यात एक चांगली गोष्ट आहे. पालकांची ओळख पटवायला कंपनीकडे आधीपासून असलेली माहिती चालेल, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेने दिलेलं 'टोकन' चालेल. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे टोकन नीट बनवलं तर कंपनीला फक्त एक बिट कळतो: प्रौढ आहे, हो किंवा नाही. नाव नको, तारीख नको, कार्डाचा फोटो तर नकोच. मी जो एक पर्याय हट्टाने मांडणार आहे तो हाच. उत्तर घ्या, पुरावा ठेवू नका. पण नियमात 'टोकन चालेल' असं आहे, 'टोकनच पाहिजे' असं नाही. आणि ऑडिटमध्ये 'पुरावा दाखवा' म्हटलं की कोणती कंपनी एक बिट दाखवून शांत बसेल? ती झेरॉक्सच ठेवणार. २०११ च्या दादाने ठेवली तशी, फक्त क्लाऊडवर.

नियमाला जोडलेली उदाहरणंही वाचण्यासारखी आहेत. पहिल्या उदाहरणाची सुरुवात अशी की मूल स्वतःच कंपनीला कळवतं, मी मूल आहे. मग पालक पुढे येतात, मग त्यांची ओळख तपासली जाते. म्हणजे सगळी यंत्रणा अकरा वर्षांच्या पोराच्या खरं बोलण्यावर उभी आहे. पोराने जन्मसाल १९९० टाकलं तर? तर एक तर नियम कोलमडतो, नाहीतर कंपनी म्हणते की आता सगळ्यांनीच सिद्ध करा. दोन्हींपैकी काय होईल याचा अंदाज २००२ च्या अहवालापासून आपल्याला आहेच.

आणि पालक पुढे येतात म्हणजे नक्की काय होतं? गेल्या दिवाळीत नालवाडीला गेलो होतो तेव्हा सहज शेजारीपाजारी बघितलं. आमच्या आळीत बहुतेक घरी आई-बाबांचा फोन मुलांनीच सेट करून दिलेला आहे. पासवर्ड मुलांना पाठ. डिजिलॉकरचं खातं मुलीने काढून दिलेलं, कारण तिच्याच स्कॉलरशिपला ते लागलं होतं. ओटीपी आला की आई चष्मा शोधत फोन मुलाकडे देते, "बघ रे काय आलं ते." मूल तो वाचतं आणि टाकतं. ज्या घरात स्मार्टफोनच एक आहे तिथे लोक अजून त्या दादाकडेच जातात. कॅफे गेला, पण त्याच जागेत आता तो आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. फॉर्मवर कधी कधी मोबाइल नंबर त्याचाच असतो, ईमेलही त्यानेच काढून दिलेला. उद्या कुठल्यातरी ॲपने 'पालकांची संमती' मागितली, तर आमच्या आळीतल्या चार-सहा घरांची संमती त्याच्या फोनवर येईल. तो मला म्हणाला, "मले तर आताच रोजचे वीस ओटीपी येऊन राहिले भाऊ. कोणाचा कोणता, हे लक्षात ठेवाले एक रजिस्टर केलं मी."